एक पायरी खाली

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या विद्यापीठाचं मैदान गेलं. कागदावर ते आमचंच होतं, पण सत्कार, मेळावे, कुणाचं तरी हेलिकॉप्टर, सगळं तिथेच उतरायचं. मांडव उठला की मागे बांबूंचे खड्डे उरायचे. आमचे क्रीडा संचालक खोखोच्या मुलींना घेऊन स्वतः ते मुरमानं बुजवत. अभनपूरहून पहिल्या बसनं येणाऱ्या मुली आधी तासभर घमेली वाहायच्या, मग खेळायच्या. पदकं कुठून येणार, कपाळ!

संचालक करारावर होते. करार वाढायचा तर वार्षिक मूल्यमापनात निदान ‘उत्तम’ शेरा हवा. तो शेरा मी द्यायचा होता, कारण तेव्हा मी उपकुलसचिव होते.

आमच्याकडची रीत अशी की प्रत्येकानं फॉर्मवर स्वतःला ‘उत्कृष्ट’ लिहायचं आणि वरिष्ठानं डोळे मिटून एक पायरी खाली आणायचं. माणूस ‘उत्तम’वर येऊन बसायचा, वरिष्ठ कडक ठरायचा, सगळे खूश. हे कुणी कुणाला शिकवत नसे, सगळ्यांना ठाऊक असायचं. या भल्या माणसाला नव्हतं. त्यांनी स्वतःला ‘उत्तम’ लिहिलं.

मी फॉर्म परत त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, “उत्कृष्ट लिहा, सर.”

“काहून, ताई? पदक एकबी नाही आलं. उत्कृष्ट लिहायले लाज वाटून राहिली मले. उत्तम लिहिलं तेच जास्त झालं.”

पुढचं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण शेजारी दोन हिंदीभाषक बाबू बसले होते. आम्ही दोघं मराठीत बोलू लागलो की त्यांचे कान टवकारायचे. “मॅडम अपने वालों को देखती हैं,” हे मी माझ्या पाठीमागे ऐकलं होतं. मी फॉर्म माझ्याकडे ओढून घेतला.

शेरा तसाच ठेवला तर आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं झालं असतं. म्हणून मी तोही एक पायरी खाली आणला. ‘साधारण’. सही केली आणि चहा मागवला. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

करार वाढला नाही. सामानखोलीच्या किल्ल्या द्यायला ते आले, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

“दुसऱ्या कोणी लिहिलं असतं ना ताई, तर भांडलो असतो. पण तुमी लिहिलं. म्हणजे माझं काम साधारणच असन.”

तेव्हा तरी सांगायचं. तेव्हा तर ऐकायलाही कुणी नव्हतं. मी किल्ल्या मोजून खणात टाकल्या.

पुढे ते शंकर नगरातल्या एका शाळेत कवायत शिकवू लागले. त्या रस्त्यानं मी जात नाही. ते आजही स्वतःला साधारण समजत असतील, आणि त्याखाली सही माझी आहे.