मावशीला ऐकू आलेलं वर्गसमीकरण

आमच्या ऑफिसात तिला सगळे कंसताई म्हणत. शाळेची पुस्तकं वेबसाइटवर चढवायचं आमचं काम, आणि त्यातलं गणित तिच्या वाट्याला. उघडलेला कंस कुणी बंद केला नसेल तर तो तिला लांबूनही खुपायचा. "हा कुणी उघडा टाकलाय? सर्दी होईल बिचाऱ्याला," म्हणायची, आणि आम्ही मुकाट्यानं तो बंद करायचो.

त्या काळी आमच्या पानांवर समीकरणं चित्रं म्हणून टाकली जात. शब्द आपले सरळ रेषेत चाललेत आणि मधेच एखादं वर्गमूळ अवघडलेल्या पाहुण्यासारखं अधांतरी उभं, असं दिसायचं. कंसताई एकेक चित्र केसभर वर, केसभर खाली सरकवत बसायची. पान मनासारखं झालं की खुर्ची मागे ढकलून ते लांबून न्याहाळायची. तेवढीच तिची चैन.

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मावशीनंच तिला वाढवलं. मावशी शाळेत गणित शिकवायची. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वर्गातली मुलंही पाढे नीट म्हणायची. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे हळूहळू नेले. आता मजकूर वाचून दाखवणारा फोन तिच्या उशाशी असायचा. बातम्या, गोष्टी, औषधांची माहिती, सगळं ती कानांनी वाचायची.

एका सुट्टीच्या दिवशी मावशी म्हणाली, "जगभराचं ऐकते मी. तुझं काम काय असतं ते एकदा ऐकव की."

कंसताईनं हौसेनं आपलं सगळ्यात देखणं पान उघडून दिलं. फोन वाचू लागला, "पुढील समीकरण सोडवा. चित्र. दोन्ही बाजूंना चित्र या संख्येने भागा. म्हणून, चित्र. हेच उत्तर."

मावशीला आधी हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. मग फोन चाचपत बाजूला ठेवत ती म्हणाली, "छान असेल गं. तू केलंयस म्हणजे छानच असणार."

ते 'छानच असणार' कंसताईला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती तडक साहेबांसमोर उभी राहिली. समीकरणं चित्रांत न टाकता संगणकाला वाचता येतील अशा खुणांमध्ये लिहायची. मग ब्राउझर ती पानावर नीट मांडतो आणि फोनच्या आवाजालाही ती उच्चारता येतात, असं तिनं समजावलं.

"पण ज्याला दिसत नाही असं आपल्या पानांवर कोण येतं?" साहेबांनी विचारलं.

"दोन ओळी ऐकून निघून जात असतील, साहेब. कळणार कसं आपल्याला?"

साहेब मनानं वाईट नव्हते. "एक धडा करून दाखव," म्हणाले. "हातातलं काम सांभाळून हं."

तिनं वर्गसमीकरणांचा धडा घेतला. वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. पहिल्या खेपेला फोन म्हणाला, "क्ष अधिक एक भागिले दोन."

मावशीनं लगेच अडवलं. "थांब. नुसता एक भागिले दोन, की क्ष आणि एक मिळून भागिले दोन?"

"मिळून."

"मग तसं सांगायला नको का त्यानं? पोरं गोंधळतील."

मग अपूर्णांक कुठे सुरू झाला, कुठे संपला, हेही फोननं सांगावं अशी सोय झाली. वर्ग म्हणायचं की दुसरा घात, यावरून दोघींची चांगलीच जुंपली. कंसताई ऑफिसात येऊन कुरकुरायची, "काय छळते ही बाई!" आणि तोंडभर हसायची.

आलेख करायचं काम माझ्याकडे होतं. मी त्याला आवाज जोडला. पडद्यावर बोट डावीकडून उजवीकडे न्यायचं. रेषा खाली गेली की सूर खाली, वर चढली की सूर वर. तो दाखवायला मीच त्यांच्या घरी गेलो. मावशीनं बोट फिरवलं. सूर उतरत गेला, तळाशी क्षणभर टेकला आणि पुन्हा चढला. तिनं परत फिरवलं. मग तिचा दुसरा हात आपोआप हवेत उठला आणि फळ्यावर काढावी तशी ती वक्ररेषा काढू लागला. कंसताई चहा आणायच्या निमित्तानं आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

ती आल्यावर मावशीनं धड्यातलं उदाहरण लावायला सांगितलं. फोन स्पष्ट बोलला, "क्षचा वर्ग, अधिक क्ष, वजा सहा, बरोबर शून्य." मावशीनं मान जरा तिरकी केली, ओठ पुटपुटले, आणि तिनं उत्तर सांगितलं, "तीन आणि उणे दोन." कंसताईनं ते जसंच्या तसं चौकटीत भरलं.

"उत्तर चुकलं," फोन म्हणाला. "चिन्हं पुन्हा तपासा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कंसताई घाईनं म्हणाली, "अगं, इतक्या वर्षांनी, तेही तोंडी..."

"गप्प बस," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "डोळे गेल्यापासून मला कुणी चूक म्हटलेलं नाही. चहात मीठ घातलं असतं तरी तू छान म्हणून प्यायली असतीस. हा बघ, तोंडावर सांगतो." मग फोनकडे वळून तिनं वर्गात उभ्या राहिलेल्या मुलीसारखं सांगितलं, "दोन आणि उणे तीन."

"बरोबर."

"आता पुढचं लाव. अवघड."

साहेबांनी पुढे सगळीच पुस्तकं तशी करायला घेतली. दर शनिवारी कंसताई मावशीला ऑफिसात घेऊन यायची. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून मावशी एकेक धडा ऐकायची, आणि मधूनच सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "हे कुणी लिहिलंय? उभा राहा!"

आणि आमच्यातला कुणीतरी खरोखरच उभा राहायचा.