पंचशीला ओव्हाळनं आयफोन परत केला

नांदूरघाटात कुणाची शेळी आजारी पडली की पहिला फोन पंचशीला ओव्हाळला जातो. ती डॉक्टर नाही. सातवीपर्यंत शिकलेली, सत्तेचाळीस वर्षांची पशुसखी आहे. अकरा वर्षांपूर्वी केजला तिचं प्रशिक्षण झालं, आणि तेव्हापासून खांद्याला औषधाची पिशवी अडकवून ती गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर हिंडते. जंताचं औषध पाजायचं, लस टोचायची, गळू फोडून धुवायचं, अडलेली शेळी सोडवायची. हाताबाहेरचं दुखणं असलं तर केजच्या डॉक्टरांना फोटो पाठवायचा आणि ते सांगतील तसं करायचं.

फोटो हीच तिची वही. लिहायला तिला वेळ लागतो, आणि आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या इतक्या काळ्याभोर की दहा जणी एका रांगेत उभ्या केल्या तर ओळखता ओळखता मालकीणही अडखळते. म्हणून पंचशीला आधी कानाचा फोटो काढी, मग तोंडाचा, मग दुखण्याचा. आठ दिवसांनी परत तसेच तीन. कुठली शेळी कधी आजारी पडली, कशानं बरी झाली, कुठली मेली, सगळं त्या फोटोंत. हे सगळं ती एका स्वस्तातल्या, काच तडकलेल्या अँड्रॉइड फोनवर करत होती.

मग तिच्या मुलानं, पवननं, तिला आयफोन दिला.

पवन पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. स्वतःसाठी त्यानं नवा आयफोन घेतला आणि जुना घरी घेऊन आला. आईच्या हातात ठेवून म्हणाला, "आता हा वापर. तो डबा टाकून दे." डब्यातले फोटो त्यानंच नव्या फोनात घेतले. खातं त्याचंच, पासवर्ड त्याचाच, अक्षरं सगळी इंग्रजीत. पंचशीलानं विचारलं, "मराठीत न्हाई व्हत का रे?" तो हसला. "तुला वाचायचंय कशाला? फोन करायचा, फोटो काढायचा. बाकीचं मी बघतो ना."

गल्लीत चार दिवस तोच विषय होता. पंचशीलालाही बरं वाटलं. फोटो इतके स्वच्छ येत की कानातली गोचीड मोजता यावी.

महिनाभरात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती वस्तीवर पोचून पाणी पीत नाही तोच पवनचा फोन येई. "आई, एवढ्या उन्हात तिकडं काय करतेस?" पहिल्यांदा तिला वाटलं, लेकराला किती काळजी. मग एकदा तो म्हणाला, "मंगळवारी तू चार तास त्या तांड्यावर होतीस. लोक फुकट राबवून घेतात तुला." तिनं विचारलं, "तुला कोण सांगितलं?" "फोनमध्ये दिसतं मला," तो सहज म्हणाला. त्या दिवशी तिनं घरी आल्यावर फोन शिंकाळ्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं पाठ करून भाकरी केल्या.  मुलगा शिकलेला, फोन त्याचा. बोलायचं काय, हेच तिला कळेना.

गेल्या जानेवारीत केजला नव्या पशुसखींचं प्रशिक्षण लागलं. डॉक्टरांनी पंचशीलाला बोलावलं. "तुम्ही बोला. पुस्तकातलं मी सांगतो, खरं तुम्ही दाखवा. मागच्या वर्षीच्या साथीचे फोटो आहेत ना तुमच्याकडं?"

"हायत की. पैल्या दिवसापासून."

हॉलमध्ये चाळीस बायका होत्या. डॉक्टरांनी पडद्याची तार तिच्या फोनला जोडून दिली. पंचशीला उभी राहिली, पदर खोचला, फोटोंचं चित्र दाबलं आणि या महिन्यातले फोटो सोडून मागच्या वर्षीच्या साथीकडं सरकवत गेली. पडद्यावर पवनच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आलं. मग पवन आणि त्याचे मित्र, कुठल्याशा किल्ल्यावर. मग एक मोटारगाडी. ती बोट सरकवत राहिली. एक कान नाही, एक खूर नाही. तीन वर्षांतली एकही शेळी नाही. मागून कुणीतरी हसलं. डॉक्टर उठून म्हणाले, "असू द्या, तोंडी सांगा." तिनं तोंडी सांगितलं. काय सांगितलं ते तिला आज आठवत नाही.

बाहेर येऊन तिनं पवनला फोन लावला.

"माझे फोटो कुठं गेले?"

"अगं, ते मी काढून टाकले." तो कामात असावा, घाईत बोलत होता. "तुझ्या फोनचे फोटो माझ्याही फोनमध्ये येतात. खातं एकच ना. जागा भरली होती."

"मला इच्यारलं कावून न्हाई?"

"आई, बकऱ्या होत्या सगळ्या! तुला सांगतो काय झालं ते. डिसेंबरात बीडला, लग्नाचं चाललंय त्या मुलीच्या घरी गेलो होतो. तिच्या आईवडलांना फ्लॅटचे फोटो दाखवत होतो आणि मधेच पू आलेलं गळू! तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी सगळे डिलीट केले."

पंचशीलानं फोन बंद केला.

ती रडली नाही, सरळ फरजानाकडं गेली. केजच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत फरजानाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फरजाना तिशीतली, वडलांच्या घड्याळाच्या दुकानात त्यांच्यानंतर तिनं मोबाईल उघडायला सुरुवात केली. तिच्या घरच्या शेळ्यांना पंचशीलानंच लसी टोचलेल्या.

"मावशी, कधी काढून टाकले म्हणला?" फरजानानं फोन हातात घेत विचारलं.

"डिसेंबरात."

"तारीख?"

"तारीख मला काय म्हाईत?"

फरजानानं दोन-तीन ठिकाणी दाबलं, पंचशीलाला फोन उघडायचे आकडे टाकायला लावले, आणि एकदम पुढं झुकली. "हायत! काढून टाकलेले फोटो तीस दिवस एका पेटीत पडून ऱ्हातात. मग कायमचे जातात. तुमचे चार दिवस ऱ्हायलेत, मावशी."

पंचशीलानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. बारीक बारीक चौकोनांत काळे कान. रांगच्या रांग.

"आन परत."

फरजाना दाबायच्या आधी थांबली. "एक सांगते. हितं परत आणले की पवनभाऊच्या फोनातबी परत येतील. त्यांना लगेच कळंल. ते परत काढतील."

"मग?"

"मग मी निवडून निवडून माझ्या कॉम्प्युटरवर घेते. पण दोन हजाराच्या वर हायत. येळ लागंल."

"घे," पंचशीला म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

पाऊण तास झाला असेल. फरजाना शंभर-शंभर फोटोंचे गठ्ठे करून घेत होती. फोन वाजला. पवन.

"आई, हे फोटो परत कसे आले माझ्याकडं? कुणाच्या हातात दिलास फोन?"

"फरजानाच्या दुकानात बसलेय. मी आणले परत."

"अगं, कुणालाही फोन देतेस? माझं सगळं आहे त्यात! थांब, मी काढतो ते आत्ता."

"काढ."

 अशा उत्तराची त्याला सवय नव्हती.

"काढ," पंचशीला परत म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू पुन्यात बसून काढ, मी केजात बसून परत आणते. तू परत काढ, मी परत आणते. मला आज काईच काम न्हाई. बघू कोण दमतंय."

"आई, तू अशी का बोलतेस? मी काय वाईट केलं? एवढा महागाचा फोन दिला तुला."

"फोन दिलास आन कुलपाची चावी तुझ्याकडंच ठिवलीस. मी कुठं गेले, किती येळ बसले, कुणाशी बोलले, सगळं तुला दिसतंय. मला तुझं काय दिसतंय? आज चाळीस बायांसमोर उभी व्हते, पवन. तुझं सैपाकघर दाखिवलं मी त्यांना."

 फरजानाची मान खाली होती, बोटं चालू होती.

"त्या बकऱ्यांवर तुझी फी भरलीय, असं मी म्हनणार न्हाई," पंचशीला म्हणाली. "तुझ्या बापानं पाण्याच्या टाकीवर डूट्या करून भरली ती. हे फोटो पैशासाठी न्हाईत. हे माझं काम हाय. तुझ्या हापिसात जाऊन मी तुझं काम पुसलं तर तुला चालंल का?"

"नाही," पवन हळूच म्हणाला. मग, "मी नंतर करतो फोन," म्हणून त्यानं ठेवला.

त्यानं फोटो परत काढून टाकले नाहीत. संध्याकाळच्या गाडीच्या आत सगळे उतरून झाले.

"आता मला दुसरा फोन दे," पंचशीला म्हणाली. "अँड्रॉइड. माझ्या नावाचा."

"आयफोन सोडून?" फरजानाला हसू आलं. "लोकं उलटं मागतात, मावशी. हाच ठिवा की. तुमचं येगळं खातं काढून देते."

"त्याचं खातं मिटवायला काय लागतंय?"

"त्यांचा पासवर्ड."

"बघ. माझ्या हातातला फोन माझा करायलाबी त्यालाच इच्यारायचं. नको मला."

तिनं मधल्या किमतीचा फोन निवडला आणि स्वतःच्या बचत खात्यातून पैसे दिले. फरजानानं भाषा मराठी केली, तिच्या नंबरावर तिच्या नावाचं खातं उघडलं, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तशी फोन तिच्यापुढं ठेवून खुर्ची फिरवली. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मलाबी सांगू नका." पंचशीलाला एक-एक अक्षर शोधायला बराच वेळ लागला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. फोटो भरून झाले. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पा मात्र आल्या नाहीत. त्यासाठी लागणारी केबल फरजानाकडं नव्हती. बायकांनी पाठवलेले बोललेले निरोप, डॉक्टरांच्या सूचना, ते सगळं राहिलं. ते पंचशीलाला लागलं, पण तिनं नंबर आहेत ना याची खात्री केली आणि उठली.

सुरुवातीचे दिवस सोपे गेले नाहीत. बोट सवयीनं भलतीकडं सरके. फोटोही पहिल्यासारखे येत नसत. गोठ्यात जरा अंधार असला की शेळी काळी आणि मागची भिंतही काळी. ती शेळी उजेडात ओढून आणायला लागली. गल्लीतली गीताबाई म्हणाली, "पोरानं एवढा भारी फोन दिला आन तू ह्यो घेतला? खुळी हायस का गं?" पंचशीला म्हणाली, "ह्यो माझं ऐकतोय." पण नव्या फोनात नावं मराठीत लिहून ठेवता येतात हे तिला कळलं, आणि एका आठवड्यात तिनं दीडशे शेळ्यांना मालकिणीचं नाव लावलं. अजमतबीची तुटक्या कानाची. सरूबाईची शिंगवाकडी. अक्षरं हळूच उमटत, पण उमटत.

आयफोन तिनं धुतल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. फेब्रुवारीत पवन आला तेव्हा जेवणानंतर तो त्याच्यापुढं ठेवला. पवनचं तोंड उतरलं.

"म्हणजे माझं काहीच नको तुला."

"तू पायजेस. तुझी पाळत नको."

"पाळत काय? काळजी होती ती."

"काळजी असली तर इच्यार. मी सांगंन न्हाईतर न्हाई सांगणार."

पवननं वडलांकडं पाहिलं. शहादेव ओव्हाळ गावच्या पाणीपुरवठ्यावर कामाला, दिवसातून दहा वाक्यं बोलणारा माणूस. तो ताटात हात धुऊन म्हणाला, "मी अठ्ठावीस वर्षांत तिला कवा इच्यारलं न्हाई कुठं चाललीस. तू कोण?" आणि अंगणात निघून गेला. पवन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला, फोन बॅगेत टाकून. पुढचे पाच आठवडे त्याचा फोन आला नाही. पंचशीलानंही केला नाही. त्या दिवसांत तिची झोप उडाली होती, हे तिनं फक्त फरजानाला सांगितलं.

मार्चअखेर पवननं फोन केला. मुलीकडचे लोक तारीख धरायला येणार होते.

ते आले. मुलीचे वडील निवृत्त शिक्षक, आई नीटनेटकी, कमी बोलणारी. चहा झाला. वडलांनी विचारलं, "ताई, आपण काय करता?" पवन तोंड उघडणार तोच पंचशीला म्हणाली, "मी पशुसखी हाय. शेळ्यांचे आजार बघते."

मुलीच्या आईनं पवनकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तो फोटो..."

"माझाच. गळवाचा." पंचशीलानं फोन काढला. "ही बघा ती शेळी. फोडून धुतलं, नऊ दिवस औषध लावलं. हा तिचा आताचा फोटो." फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी या वेळी पदर लावला नाही. बोट सरकवून त्या स्वतःच पुढचा फोटो बघू लागल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावाकडंही होती शेरडं, मी लहान असताना." एवढंच. आवडलं की नाही, ते कुणाला कळलं नाही.

तारखेचं बोलणं निघालं. मुलीच्या वडलांनी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला रविवार काढला होता. हॉल मिळत होता, पवनची सुट्टीही बसत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"त्या आठवड्यात जमणार न्हाई," पंचशीला म्हणाली.

"का?" मुलीच्या वडलांनी विचारलं.

"पावसाच्या आधी आंत्रविषाराची लस द्यायची अस्ती. नऊ वस्त्या हायत माझ्याकडं. लस चुकली तर शेळ्या उभ्या-उभ्या मरतात."

पवनचे कान लाल झाले. "आई, दुसरं कुणी देईल ना लस. लग्न आहे माझं."

"तुझं लग्न हाय म्हणूनच सांगतेय. त्या रविवारी मी हॉलात येईन, पण माझं ध्यान वस्तीवर ऱ्हाईल. पुढचा रविवार धरा. मग मी दोन दिवस तुमची."

 पवन जमिनीकडं बघत होता. मग त्यानं खिशातून फोन काढला, हॉलवाल्याला लावला आणि म्हणाला, "पुढचा रविवार मोकळा आहे का बघा."

मोकळा होता.