कुठलं कापड वाया घालवलंस?

माझी आत्या कापड बेतते. शिलाईच्या दुकानाच्या पाटीवर नाव बाबांचं, पण कात्री चालते ती आत्याची. बाबा मापं घेतात, मशीन चालवतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात; कापडाला कात्री लावायची वेळ आली की ताईला हाक मारतात. सव्वीस वर्षं हे असंच चाललं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि त्याची आज लाज वाटते.

एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी आत्या मला हळूच म्हणाली, "मला शिकवायचंय गं. बेतायचं काम. स्वतःचा वर्ग काढायचाय. पण तुझ्या बाबांसमोर गेले की दातखीळ बसते." बाबा महिनाअखेरीस शेजारचा मोठा गाळा घेणार होते, तोही आत्याच्या जिवावर. करारावर सही झाली की आत्या पुढची दहा वर्षं त्या टेबलाला बांधली जाणार होती.

"ते असतात ना, आयुष्याचं काय करायचं ते विचारायला?"

"लाइफ कोच."

"तेच ते. शोध."

मी तीन शोधले. कामाला येणाऱ्या प्रत्येक कारागिराला आत्या एकच प्रश्न विचारते: कुठलं कापड वाया घालवलंस? ज्याला आठवत नाही त्यानं एकतर काम केलेलं नाही, नाहीतर तो थापा मारतोय, असं तिचं ठाम मत. तोच प्रश्न तिनं या तिघांना विचारला. "तुमच्या हातून कुणाचं बिघडलं?" पहिल्यानं हसून चार जणांच्या भरभराटीच्या गोष्टी ऐकवल्या. दुसरीनं भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. तिसऱ्या बाई जिन्याखालच्या खोलीत बसायच्या. त्या म्हणाल्या, "एकीला मी नोकरी सोडायला लावली. तिला सोडायचीच नव्हती. मी ऐकलंच नाही तिचं."

आत्यानं पिशवी खाली ठेवली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

सुरुवातीला दोघींचं काही जमेना. बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. आत्याला शांतता सोसत नाही, ती भराभरा काहीबाही बोलून टाकायची आणि घरी येताना माझ्यावर उखडायची. "तोंडात मिठाची गुळणी धरून बसते ती! मग माझाच तोंडाचा पट्टा सुटतो."

तिसऱ्या भेटीत बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. इथे तुमचा भाऊ बसलाय, बोला. त्या दिवशीचा प्रसंग आत्यानं मला रस्त्यात उभं राहून करून दाखवला. "मी म्हटलं, मी जाते. मग तो म्हणणार, मला वाऱ्यावर सोडतेस? मग मी म्हणणार, नाही रे, सकाळी येत जाईन. मग तो म्हणणार, आणि दुपारचं काय?" पाच मिनिटांत आत्या पुन्हा दिवसभर दुकानात! बाईंनी शांतपणे विचारलं, "भावाचं माप कधी घेतलंत?"

आत्या वरमली. माप न घेता तिनं कधी कुणाची बाहीसुद्धा कापली नव्हती. भावाच्या मनाचा मात्र सव्वीस वर्षं अंदाजच चालला होता.

सहीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं कात्री मिटून टेबलावर ठेवली. मी काजं करायचं थांबवलं.

"मी वर्ग काढतेय. पुढच्या महिन्यापासून मी बेतणार नाही."

बाबांचा घास हातातच राहिला. "मग मी काय करू, ताई?"

या प्रश्नाची निदान दहा उत्तरं आत्याच्या जिभेवर असणार, मला ती दिसत होती. सकाळची येईन, मोठी कामं मी करेन, तू काळजी करू नकोस. तिनं ओठ घट्ट मिटले. टेबलाची कड पकडून ती उभी राहिली, पण बोलली नाही. आयुष्यात मी तिच्याइतकं धाडसी माणूस पाहिलेलं नाही.

बाबांनी डबा बंद केला. कितीतरी वेळानं, तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला बेतायला कधी येतच नव्हतं. सांगायची लाज वाटायची. तुझ्या वर्गात मला घेशील?"

गाळ्याचा करार राहिला तो राहिलाच. वर्गाच्या पहिल्या दिवशी बाबा मागच्या बाकावर बसले, दोन मीटर कापड पसरलं आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून मोकळे झाले. पोरी खुसुखुसु हसल्या. आत्यानं त्या बाह्या उचलून घडी घातल्या आणि बाबांच्या हातात दिल्या.

"जपून ठेव," ती म्हणाली. "आता कुणी विचारलं तर तुला सांगता येईल."