दहा लाख एक

पांढऱ्या रांगोळीची पूड बोटांना लागली की समता कॉलनीतल्या सभागृहातली ती भीमजयंतीची दुपार आठवते. मुलांची गणिताची स्पर्धा होती, परीक्षक मी होतो आणि शेवटचा प्रश्नही माझाच होता: दहा लाख एक ही मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही का? शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मी घरी भागून पाहिलं होतं आणि तिथंच थांबलो होतो. आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "नाही सर, एकशे एकनं भाग जाते." मी म्हटलं, "चूक. बस खाली, पोट्टी." "काहून बसू? मले करून तं दाखवू द्या!" दारातली रांगोळीची वाटी उचलून तिनं फरशीवरच गुणाकार मांडला, नऊ हजार नऊशे एक गुणिले एकशे एक. उत्तर दहा लाख एक आलं. मला ते दिसलं, तरी "वेळ संपली" म्हणून मी बक्षीस दुसऱ्याला दिलं आणि फरशी पुसायला सांगितली. ती दारातून ओरडली, "पुसल्यानं भाग जायचा थांबते का, सर?" यंदा त्याच सभागृहात माझा सत्कार होता. कार्यक्रमाआधीच मी आयोजकांना त्या दुपारचं सगळं सांगितलं, तर ती मंडळी म्हणाली, "जाने दो ना काका, जुनं काहून उकरून राहिले?" मी शाल बाजूला ठेवली, गुडघे टेकले, तोच गुणाकार रांगोळीनं मांडला आणि खाली तिचं नाव लिहिलं. आता पुसून दाखवा म्हणावं.