डाव्या बाजूचा पट्टा

इम्तियाजभाईंना राग यायला कारण लागत नाही. चाळीस वर्षं ते नारायण पेठेत गाड्यांच्या सीटा आणि टप शिवतात, आणि गिऱ्हाइकंही त्यांना बिचकूनच असतात. त्यातून त्यांच्या हेरल्डबद्दल कुणी वाकडं बोललं, की मग त्याची खैर नाही. चौसष्ट सालची, उघड्या टपाची, फिकट निळी गाडी. दर रविवारी सकाळी ते एकटेच ती खडकवासल्यापर्यंत नेतात. कानांत वारा भरतो, धरणाच्या पाण्याचा गार वास येतो आणि तेवढा एक तास इम्तियाजभाई कुणावरही चिडत नाहीत.

मुलगा आफताब चाकणला मोटार कंपनीत आहे. नव्या गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि आत बसवलेल्या पुतळ्याचं काय होतं ते बघायचं, हे त्याचं काम. परवाच्या रविवारी तो धायरीच्या आपल्या घरून मुद्दाम लवकर आला आणि बॉनेटला टेकून उभा राहिला.

"अब्बा, सिंहगड रोडला आता डंपर धावतात. हिला डोक्यावर छप्पर नाही, मानेला आधार नाही, स्टीअरिंगचा दांडा सरळ छातीवर. कुणी ठोकलं तर काय होईल, मी सांगू?"

"आधी बॉनेटवरून हो बाजूला. तुला भिंतीवर आपटायला दिलेली नाही ती."

"विषय बदलू नका."

"तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय. एक ओरखडा दाखव. तुमच्या त्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा सेफ आहे."

आफताबच्या अम्मी शकीलाबी दारात उभ्या होत्या. "इतकी सेफ आहे, तर मला एकदाही का नेलं नाही?"

इतकी वर्षं इम्तियाजभाईंची कारणं ठरलेली होती. वारा लागेल, धूळ उडेल, तुझी कंबर धरेल. आज त्यातलं एकही ऐकायला शकीलाबी थांबल्या नाहीत. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि डाव्या सीटवर जाऊन बसल्या.

"शकीला, उतर."

"नाही उतरत. आणि हे खाली काय टोचतंय?"

आफताबनं सीटचं कव्हर वर केलं. आत सीटबेल्टचा काळा पट्टा नीट घडी घालून ठेवला होता. त्याचे बोल्ट जाड लोखंडी पट्टीतून थेट चासीत गेले होते. त्यानं खेचून पाहिला, जराही हलला नाही.

"हा कधी बसवलात?"

"तुला नोकरी लागली तेव्हा. जेवताना रोज ते पुतळ्यांचं सांगायचास."

आफताबनं उजव्या सीटचं कव्हर उचकटलं. तिथे नुसता काथ्या होता.

"आणि तुमचा?"

"मला काय करायचाय?"

एवढा पट्टा बसवूनही बायकोला शेजारी बसवायची त्यांची छाती झाली नव्हती. पोराचं म्हणणं शब्दन् शब्द खरं आहे, हे त्यांना कधीच कळलं होतं. त्याचाच तर सगळा राग होता.

शकीलाबींचा आवाज चढला नाही, पण घरात सगळे घाबरतात तो हाच आवाज. "म्हणजे मी वाचायचं आणि तुम्ही दांड्यावर. मग तो पट्टा सोडून मी घरी कुणाबरोबर यायचं?"

इम्तियाजभाईंनी बायकोकडे पाहिलं नाही. ते मुलावर खेकसले, "बघतोस काय? दुकानातून ड्रिल आण."

उजवीकडचा पट्टा बसायला दुपार झाली. तोवर शकीलाबी गाडीतून उतरल्या नाहीत.