दीनाबायच्या नावाची सवलत

शब्बाथाची, शनिवारच्या विसाव्याची दुपार; या दिवशी चूल पेटत नाही. जेवणं आटोपून मिल्का झिराडकर चटईवर आडवी होते. कानातलं नवं यंत्र काढून ती उशीशी ठेवते. पंख्याची घरघर लांब जाते, भरतीच्या पाण्यासारखी वाटू लागते, मग थांबते.

"दीना झिराडकर."

कोणीतरी हजेरी घेतंय. मिल्का बाकावरून उठते आणि म्हणते, "हजर."

टेबलामागची बाई वर बघते. ती दीनाबायच असते, मिल्काची थोरली बहीण, सात महिन्यांपूर्वी वारलेली. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला तिचा.

"माझ्या नावाला तू का हजर?" ती विचारते. आवाजात राग नाही.

मिल्काला यंत्राशिवाय सगळं स्वच्छ ऐकू येतंय. त्यामुळे न ऐकल्यासारखंही करता येत नाही.

"दुकानात तसंच झालं गं," ती म्हणते.

सोमवारी ती अलिबागेत कानाचं यंत्र घ्यायला गेली होती. तिथे निवृत्त शिक्षकांना ते निम्म्या किमतीत देतात. मालकाची आई शिक्षिका होती, तिच्या आठवणीसाठी. मिल्काच्या पाकिटातून तिने जपून ठेवलेलं दीनाबायचं ओळखपत्र बाहेर पडलं. दोघी बहिणींचा चेहरा एक. दुकानातल्या मुलीने फोटो पाहिला आणि सवलत लावली. मिल्का गप्प राहिली. आज सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेचा शब्दन् शब्द ऐकू आला, आणि प्रत्येक शब्दाला तिची मान खाली गेली.

आता शाळेचा बाक सिनेगॉगचा झालाय. दोघी शेजारी बसल्यात.

"बाबा याला काय म्हणायचे?" दीनाबाय विचारते.

"मनाची चोरी."

"तोंडाने खोटं बोललं नाही, पण समोरच्याला खोटं ते खरं मानू दिलं. मग तो आपल्यातला असो की परका."

"तुझ्या नावाला बट्टा लावला मी."

"माझ्या नावाचं सोड. तू पैशासाठी गप्प राहिली नाहीस. पैसे होते तुझ्याकडे."

मिल्का खाली बघते. पायाखाली फरशी नाही, ओली वाळू आहे. लाट येऊन घोट्याला लागते. जे कोणालाच सांगितलं नव्हतं, ते ती आता सांगते.

"ती मुलगी काउंटरच्या बाहेर आली. म्हणाली, बाई, तुम्ही माझ्या आईला शिकवलंत. आणि खाली वाकून माझ्या पाया पडली. माझ्या, दीनाबाय. चौथीतून शाळा सोडलेलीच्या. मला वाटलं, एवढं एकदा घ्यावं."

दीनाबाय तिच्याकडे वळते.

"आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरी कोण राहिलं?" ती विचारते. "तू. म्हणून मी शाळेत गेले. त्या नमस्कारात तुझा वाटा आहे, तो मी देते तुला. ठेव. पण सवलत माझी नव्हती, मिल्का. ती दुकानदाराची. मी कशी देणार?"

"मग काय करू?"

"त्याला सांग. उरलेले पैसे पुढे कर. त्याने राहू द्या म्हटलं तर मन खाऊ नकोस, ती त्याची खुशी. घेतले तर घेऊ दे."

"आणि दुकानात चारचौघांदेखत बोलला तर?"

"तर लाज वाटेल. संध्याकाळपर्यंत उतरेल."

मिल्काला हसू येतं. पाच दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून जातं.

"विसरशील तू," दीनाबाय म्हणते. "विसरायचं असलं की बरोबर विसरतेस."

ती मिल्काचा पदर ओढते, टोकाला गाठ मारते आणि दातांनी आवळते. दीनाबायचे केस ओले आहेत, त्यांना खोबरेल तेलाचा वास येतोय. मिल्का तिचा हात धरायला जाते आणि हाताला चटई लागते.

ऊन भिंतीवर चढलंय. पंखा फिरतोय, पण आवाज येत नाही. मिल्का स्वस्थ पडून राहते. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत जातोय. मग ती उठते आणि पदर सारखा करायला जाते.

टोकाला गाठ आहे. घट्ट, किंचित ओलसर.

ती नखाने सोडवू बघते. सुटत नाही. मग ती पदर तसाच कमरेला खोचते आणि चहाचं आधण ठेवायला शब्बाथ संपायची वाट बघत खिडकीशी बसते.