बावीस घरं, सत्तावीस पुरावे

सीमाभागातल्या चिटगुप्प्याच्या बाजूच्या एका गावातली ती दुपार इतकी वर्षं उलटली तरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीच्या शेवटच्या काळात आम्हा अधिकाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला एक तरुण यायचा. एकदा त्याने पडद्यावर मोठा तक्ता उघडला आणि दाखवलं, की अमुक अट, शिवाय तमुक अट, शिवाय तिसरी, अशा सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्या नोंदी किती, हे एका सूत्रात मोजता येतं. "सगळ्या अटी एकाच ओळीला लागू पडायला हव्यात, मॅडम. वेगवेगळ्या मोजून बेरीज केली की फसगत होते." मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. मी ते माणसं उठवून-बसवून मोजलेलं आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नवी सबइन्स्पेक्टर. ठाण्यात बाई साहेब आली म्हणून लोक सुरुवातीला मला बघायलाच यायचे. थंडीचे दिवस होते. हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी चाळत होते, तेव्हा एक कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन आत आली. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटलं, मला बांगड्या भरायला आली. तिने टोपली उतरवली, माझा हात हातात घेतला आणि मान वर न करता म्हणाली, "बाईसाहेब, येळवशीला आमच्या गावच्या सुईणमावशीचे दात पाडणार हाईत."

आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. घरांना कुलपं, गल्ल्या रिकाम्या. जे करायचं ते साक्षीदाराविना करता येतं. आणि दात पाडायचे ते भानामती करणाऱ्या बाईचे. दात गेले की मंत्राचे शब्द नीट उमटत नाहीत, अशी समजूत. येळवस परवावर आली होती.

माझे दफेदार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, जुने, मुरलेले. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "मॅडम, इसमें हाथ नक्को डालो. चोर दिखता है, भानामती नहीं दिखती."

"दात पाडणारे दिसतात ना?" मी म्हटलं. "चला."

गावात शिरलो तेव्हा दुपार होती आणि तरी दारं लागलेली होती. रस्त्यात मूल नव्हतं. प्रत्येक चौकटीला लिंबू, मिरची, काळी बाहुली. एका घरात सात-आठ वर्षांच्या मुलीने मला पाठ दाखवली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध फोडांची एक फुली उठलेली होती. दोन रेषा, सरळ, बोटाने ओढल्यासारख्या. आत पाणी भरलेलं. दुसऱ्या घरात म्हाताऱ्याच्या मांडीवर तशीच फुली. तिसऱ्या घरात बाळंतिणीच्या दंडावर. माणसं झोपायची ती चांगली, आणि दोन दिवसांत कधीतरी अंगावर फुली घेऊन उठायची. अशी बावीस घरं झाली होती. मी भुताखेतांना मानत नाही, पण त्या दिवशी जीपमध्ये बसताना मी आधी मागची सीट पाहिली, हे खरं.

सुईण गावाच्या टोकाला राहायची. विधवा, पन्नाशीची. तिच्या सासऱ्यांनी बुद्धधम्म घेतल्यापासून त्या घराने गावकीची जुनी कामं सोडली होती, बाळंतपणं मात्र तिने सोडली नव्हती. अर्ध्या गावाची नाळ तिने कापलेली. ती उंबऱ्यात तूर निवडत बसली होती.

"कुणावर संशय?"

"न्हाई."

"हे कशानं होतंय, काही कळतं तुम्हाला?"

"मला काय कळतंय, बाईसाहेब."

बोलताना ती ओठ जेमतेम उघडत होती. दात दिसू न देता बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

गावच्या पाटलाने माझ्यासाठी चहा मागवला आणि पुरावे मांडले. त्याच्याच घरातून हे सुरू झालं होतं. त्याच्या नव्या सुनेच्या हातावर पहिली फुली उठली, म्हणून तिला माहेरी पाठवलेलं होतं. "सात घरात अमुशाच्या आगंमागं झालं," तो बोटांवर मोजत म्हणाला. "अकरा घरात हिनं बाळंतपण केलंय. नऊ घरात हिचं भांडण झालंय. आता अजून काय पायजे तुमाला?"

दफेदार माझ्या कानाशी पुटपुटले, "सात, ग्यारा, नऊ... सत्ताईस. घरं तर बावीस हैं."

घरं बावीस, पुरावे सत्तावीस. पाटलाने काही घरं दोनदा मोजली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं. गावालाही नाही. ऐकणाऱ्याला सगळं मिळून एकच मोठा ढीग दिसतो. खोटं त्यात एकही नसतं, हीच अडचण असते.

मी चावडीपुढच्या मोकळ्या जागेत बावीस घरांमधली एकेक बाई बोलावली. बायकाच बोलावल्या, कारण अंगावरचं त्यांना माहीत असतं. सगळ्यांना जमिनीवर बसवलं. बाकी गाव भोवती उभं. सुईणीला मी माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. त्यावर कुजबूज झाली, ती मी होऊ दिली.

"ज्यांच्याकडं अमावस्येच्या आसपास झालं, त्या उठा."

सात जणी उठल्या. पाटलाने मान डोलावली.

"आता या सातांतल्या, जिच्या घरी मावशींनी बाळंतपण केलंय तेवढ्याच उभ्या राहा. बाकीच्या बसा."

पाच बसल्या. दोघी उरल्या.

"तुमच्यापैकी जिचं मावशींशी भांडण झालं, ती उभी राहा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक बसली. दुसरी क्षणभर उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, आता ही एक उरणार. मग तीही म्हणाली, "माजं न्हाई बाई भांडण. माजी दोन्ही पोरं हिच्याच हातची हाईत," आणि खाली बसली.

मधल्या बायकांत आता कोणीच उभं नव्हतं. भोवती एवढी माणसं, आणि मधे सगळ्या बसलेल्या. वाऱ्याने चौकटीवरच्या बाहुल्या हलत होत्या.

मला वाटलं होतं, इथे प्रश्न संपेल. पाटील शांतपणे म्हणाला, "मग तर लई वाईट. मोजून बी घावत न्हाई, म्हंजे किती पोचलेली आसंल बघा." आणि लोकांनी माना डोलावल्या. भीतीला शून्यसुद्धा पुरावा म्हणून चालतं, हे मी त्या दिवशी शिकले.

पण उठबस चालू असताना मी दुसरंच पाहिलं होतं. फुली उठलेली माणसं भोवतीच्या गर्दीत खाजवत होती, आणि कोण कुठल्या कुशीवर झोपतं ते त्यावरून कळत होतं. कुणाची पाठ, कुणाची मांडी, कुणाचा दंड. अंथरुणाला टेकणारी बाजू. मी पाठीवर फुली उठलेल्या त्या मुलीच्या घरात गेले आणि तिची वाकळ उलटी केली. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. खालच्या बाजूला, मधोमध, बोटभर लांबीची काळी फुली होती, वरच्या बाजूपर्यंत झिरपलेली. वास ओळखीचा होता. लहानपणी टाचेत काटा रुतला की आई त्यावर बिब्बा तापवून लावायची. तेलाचा एक थेंब इकडेतिकडे गेला की कातडी उतायची. लगेच नव्हे, दिवसा-दोन दिवसांनी.

"ही कुणी काढली?"

मुलीची आई भिंतीकडे बघत म्हणाली, "काय की."

पुढच्या तीन घरांत तसंच. काळी फुली आणि "काय की." मग माझ्या लक्षात आलं, या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्या गप्प बसायच्या नेमात होत्या. बाधा शिरू नये म्हणून केलेला बंदोबस्त कुणाला सांगायचा नसतो. सांगितला की तो उतरतो. पहिल्या घराची बातमी ऐकून प्रत्येकीने आपापल्या लेकरासाठी गुपचूप बिब्ब्याची फुली काढली. त्याच फुलीने फोड उठले. फोड बघून शेजारणीने काढली. आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण तर बंदोबस्त केला होता, तरी शिरलीच, म्हणजे ही बाई साधी नाही.

जे सांगायचं नाही ते विचारून उपयोग नसतो. मी मैदानात परत आले.

"सगळ्याजणींनी डोळे मिटा. पदर ओढून घ्या. बोलायचं नाही. अंगावर फुली उठायच्या आधी जिनं घरात बिब्बा ओढला असेल, तिनं फक्त हात वर करायचा. तोंडानं काही सांगायचं नाही, म्हणजे तुमचा नेम मोडत नाही."

मग एक हात वर आला. मग दोन. डोळे झाकलेल्या बायका, चेहरे पदरात, आणि पदरांच्या वर बांगड्यांचे हात एकामागून एक उगवत होते. भोवतीचे पुरुष आपापल्या बायकांचे हात पाहत होते. इतकं भयंकर काही मी नंतरच्या नोकरीत, पंचनाम्याच्या जागीसुद्धा, पाहिलेलं नाही.

"हात खाली घ्यायचा नाही. आता डोळे उघडा."

त्यांनी उघडले.

एक म्हातारी शेजारणीच्या हाताकडे बघत राहिली. "आगं बया. तू बी?"

"व्हय की आत्या. आन् तुमी?"

"कामून सांगितलं न्हाईस गं?"

"तुमी सांगितलं व्हय?"

मग कुणीतरी रडायला लागलं, कुणी हसायला. मी वाकळी मागवल्या, मैदानात उलट्या पसरल्या. पाटील कधी उठून गेला ते कळलं नाही. त्याला आणि दात पाडायला तयार झालेल्या त्याच्या तीन साथीदारांना शांततेच्या जामिनासाठी मी दुसऱ्याच दिवशी तहसीलदारांपुढे उभं केलं, आणि येळवशीला दफेदारांना सुईणीच्या दारात बसवलं. त्या दिवशी तीन घरांतून तिला सणाची भज्जी, म्हणजे मिसळ भाजी, आणि आंबील आली. बाकीच्यांनी पाठवली नाही. गाव एका दुपारी बदलत नसतं.

पण मैदानात हात एकवीसच होते. पाटलाच्या बायकोचा खाली होता, आणि ती खरं सांगत होती. सगळ्यांच्या आधी फुली तिच्या घरात उठली, तेव्हा बंदोबस्त कशाचा करणार? एकवीस ओळी एका अटीत बसल्या, बाविसावी कशातच बसत नव्हती.

महिन्याभराने सुईण कसलासा दाखला मागायला ठाण्यात आली. बाहेर पायरीवर ऊस खात बसली होती. कांडं दाताने सोलत होती, कडाकड. मी तिच्याजवळ बसले आणि पाटलाच्या घरातल्या पहिल्या फुलीबद्दल विचारलं.

तिने चोथा थुंकला. "पाटलानं पयल्याच दिशी मला फोड दावायला बोलावलं हुतं. त्याच्या सुनंच्या डाव्या हाताला फुली, आन् उजव्या बोटाला काळा डाग. बिब्बा मला कळत न्हाई व्हय? बाळंतिणीला मीच तर शिजवून घालते."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? त्यांनी दात पाडले असते तुमचे."

"बोलले असते तर तिनं आपल्या हातानं काढली, हे कळलं असतं. म्हायेरी जायाची दुसरी वाट नव्हती पोरीला. त्या घरात काय चाललं हुतं ते मला इचारू नका." तिने उसाचं पुढचं पेर तोंडात धरलं. "माजे दातच गेले असते, बाईसाहेब. तिचा जीव गेला असता."

अहवालात मी पहिल्या फुलीचं कारण 'निष्पन्न झाले नाही' असं लिहिलं. त्या मुलीचं माहेर औरादकडे होतं. तिथल्या ठाण्याला निरोप दिला, की तिला सासरी परत पाठवायची बोलणी सुरू झाली तर आधी मला कळवा. मी तिथे असेपर्यंत कोणी कळवलं नाही, आणि एवढ्यावर मी समाधान मानलं.

त्या तरुण शिक्षकाला मी विचारलं होतं, एखादी ओळ एकाही अटीत बसली नाही तर सूत्र काय करतं?

"काहीच नाही, मॅडम. ती मोजणीत येतच नाही."

त्या गावानंतर नोकरीत ज्या ज्या वेळी कागद नीट जुळून आले, त्या त्या वेळी मी जीप काढली आणि मोजणीत न आलेल्या घरी आधी गेले.